५७ पैकी ५४

शल्यचिकित्सकाने आपल्या यशाची आकडेवारी मांडावी, यात नवल नाही. विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी मात्र १९०८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात स्वत:च्या अपयशाचाच हिशेब मांडला. १८९९ ते १९०६ या काळात गुदाशयाच्या कर्करोगाच्या ५७ रुग्णांवर त्यांनी गुदद्वाराच्या बाजूने शस्त्रक्रिया केल्या होत्या. त्यांपैकी ५४ जणांमध्ये रोग पुन्हा उद्भवला.

१८६९ मध्ये जन्मलेल्या माइल्स यांचे वैद्यकीय शिक्षण लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात झाले. पुढे तेथीलच कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्यांनी नाव कमावले. त्या काळी पोट उघडणे जोखमीचे मानले जाई. त्यामुळे खालून शिरून गाठ आणि लगतचा भाग तेवढा काढण्याकडे कल असे. फ्रान्समध्ये लिसफ्रां यांनी १८२६ मध्येच हा मार्ग दाखविला होता.

दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात माइल्स यांना उत्तर सापडले. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात व वरच्या लसिका ग्रंथींत रोग शिल्लक राहत होता. खालून तेथवर हात पोहोचतच नसे. तेव्हा पोटातून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय, गुदद्वार व ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी आखली. किंमत जबर होती. पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ जण दगावले; जे वाचले त्यांच्या पोटावर मलविसर्जनाचा कायमचा मार्ग करावा लागला. मात्र १९२३ पर्यंत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले.

लहान गाठ असो वा मोठी, सर्वांना एकच शस्त्रक्रिया, हा माइल्स यांचा आग्रह पुढे टिकला नाही. १९३२ मध्ये कथबर्ट ड्यूक्स यांनी रोगाच्या खोलीनुसार वर्गवारी केली. आतड्याच्या भिंतीपुरता रोग असलेल्यांना त्यांनी वेगळे काढले. माइल्स यांचे निधन १९४७ मध्ये झाले. १९८३ मध्ये जर्मनीत गेरहार्ड ब्यूस यांनी दुर्बिणीच्या साह्याने गुदद्वारातूनच गाठ काढण्याचे तंत्र प्रसिद्ध केले आणि टाकून दिलेली वाट नव्या रूपात परतली.

ती मोजक्यांसाठीच आहे. गाठ लहान, वरवरची व कमी आक्रमक असेल तरच केवळ गाठ काढून भागते. पोट न उघडल्याने धोकाही कमी. पण या पद्धतीत ग्रंथी जागच्या जागीच राहतात. म्हणूनच काढलेल्या गाठीच्या तपासणीत रोग खोल गेलेला किंवा लसिका वाहिन्यांत शिरलेला आढळल्यास रुग्णाला आजही सहसा मोठ्या शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला जातो.