सागरी जीवरक्षकांचे संघटक : सर विल्यम हिलरी

वादळात सापडलेल्या गलबताच्या मदतीला धावून जाणे ही किनाऱ्यावरील माणसांची फार जुनी परंपरा. मात्र या परंपरेला देशव्यापी संघटनेचे रूप देण्याचे श्रेय जाते ते सर विल्यम हिलरी यांच्याकडे. ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' या संस्थेचे ते संस्थापक होत.

हिलरी यांचा जन्म १७७१ मध्ये यॉर्कशायरमधील एका क्वेकर कुटुंबात झाला. तरुणपणी राजपुत्र ऑगस्टस यांच्या सेवेत असताना त्यांनी इटली व माल्टापर्यंत प्रवास केला. पुढे नेपोलियनच्या स्वारीचे सावट इंग्लंडवर पडले, तेव्हा त्यांनी एसेक्स परगण्यात पदरच्या खर्चाने सुमारे १४०० जणांचे दल उभारले. या कामगिरीबद्दल १८०५ मध्ये त्यांना 'बॅरोनेट' हा किताब मिळाला खरा. पण दलाच्या खर्चाने त्यांचे आर्थिक गणित कोलमडले. अखेर १८०८ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत इंग्लंड सोडून त्यांनी आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन हे बेट गाठले.

बेटावरील डग्लस बंदरात स्थिरावलेल्या हिलरी यांना समुद्राचे रौद्र रूप जवळून पाहावयास मिळाले. ऑक्टोबर १८२२ मध्ये 'व्हिजिलंट' हे नौदलाचे जहाज डग्लसच्या उपसागरात खडकावर आदळले. हिलरी स्थानिक नाविकांसह होड्या घेऊन निघाले आणि त्यावरील लोकांची सुटका झाली. डिसेंबरमध्ये 'रेसहॉर्स' हे दुसरे जहाज बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर फुटले. या वेळी जहाजावरील काही खलाशांबरोबरच मदतीला गेलेले तीन स्थानिक लोकही बुडाले.

या दुर्घटनेने एक बिकट प्रश्न पुढे आणला. परक्याचा जीव वाचवताना जो स्वतः प्राणास मुकतो, त्याच्या बायकामुलांचे काय? जीवरक्षक नौका त्यापूर्वीही होत्या. टाइन नदीच्या मुखाशी १७९० पासून अशी नौका कार्यरत होती. परंतु ही सारी व्यवस्था स्थानिक दानशूरांच्या मर्जीवर अवलंबून असे आणि किनाऱ्याचा फार मोठा भाग तिच्याविनाच होता.

फेब्रुवारी १८२३ मध्ये हिलरी यांनी ब्रिटिश जनतेला आवाहन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. किनाऱ्यावर प्रशिक्षित स्वयंसेवकांची पथके असावीत, धाडस करणाऱ्यांना पारितोषिक मिळावे, मृतांच्या कुटुंबांची तरतूद व्हावी आणि युद्ध असो वा शांतता, कोणत्याही देशाच्या संकटग्रस्तांना मदत मिळावी, असा आराखडा त्यांनी त्यात मांडला. नेपोलियनशी झालेले युद्ध संपून दहा वर्षेही लोटली नव्हती, हे लक्षात घेता शत्रूच्या खलाशालाही वाचवण्याच्या या आग्रहाचे महत्त्व कळते.

नौदलाच्या वरिष्ठांकडून अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा हिलरी यांनी लंडनमधील धनिक व समाजधुरीणांकडे मोर्चा वळवला. खासदार थॉमस विल्सन व व्यापारी जॉर्ज हिबर्ट यांनी ही कल्पना उचलून धरली. ४ मार्च १८२४ रोजी 'लंडन टॅव्हर्न' येथे कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि संस्थेची स्थापना झाली. राजे चौथे जॉर्ज तिचे आश्रयदाते झाले. पहिल्या वर्षी सुमारे १०,००० पौंडांचा निधी जमला.

आवाहन करून हिलरी स्वतः किनाऱ्यावर थांबले नाहीत. नोव्हेंबर १८३० मध्ये 'सेंट जॉर्ज' ही टपाल वाहून नेणारी आगबोट डग्लस उपसागरातील कॉनिस्टर खडकावर अडकली, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर असलेले हिलरी जीवरक्षक नौकेत होते. लाटांच्या तडाख्यात नौकेचे सुकाणू मोडले, निम्म्याहून अधिक वल्ही गेली. हिलरी समुद्रात फेकले गेले आणि त्यांच्या बरगड्या मोडल्या. तरीही आगबोटीवरील सर्व २२ जण व बचावपथक सुखरूप परतले. शौर्यासाठीचे संस्थेचे सुवर्णपदक हिलरी यांना तीन वेळा लाभले. त्यांचा सहभाग असलेल्या मोहिमांतून तीनशेहून अधिक जीव वाचले.

याच कॉनिस्टर खडकावर १८३२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'टॉवर ऑफ रेफ्यूज' हा बुरूज उभारण्यात आला. जहाज फुटल्यावर मदत पोहोचेपर्यंत खलाशांना तेथे निवारा मिळावा, हा त्यामागील हेतू. डग्लसच्या किनाऱ्यावरून तो आजही दिसतो.

उत्तरायुष्यात आर्थिक विवंचनेने त्यांना पुन्हा घेरले. संस्थेकडे येणारा निधीही आटला होता. १८४७ मध्ये डग्लस येथे हिलरी यांचे निधन झाले, तेव्हा तिचे भवितव्य अनिश्चित होते. पुढे पुनर्रचना होऊन १८५४ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले आणि तिचा पाया भक्कम झाला.

२०२४ मध्ये संस्थेने द्विशताब्दी साजरी केली, तोवर तिने वाचवलेल्या जीवांची संख्या १,४६,००० च्या पुढे गेली होती. नौकांवरील बहुतेक माणसे आजही आपापले व्यवसाय सांभाळून, विनावेतन हे काम करतात आणि खर्च मुख्यत्वे लोकांच्या देणग्यांतून भागतो. स्वतःच्या संपत्तीचा हिशेब ज्यांना कधी जमला नाही, त्या हिलरी यांनी परक्यांच्या प्राणांसाठी घातलेली घडी मात्र दोनशे वर्षे टिकून आहे.