होमी भाभांनी २० वर्षांचा वायदा केला होता, गाडी अडली करंटवर

तारीख ८ ऑगस्ट १९५५. ठिकाण जिनेव्हा. अणुऊर्जेच्या शांततेसाठीच्या वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिलीच परिषद भरली होती आणि अध्यक्षाच्या खुर्चीत होते मुंबईचे ४५ वर्षांचे डॉ. होमी जहांगीर भाभा.

सगळे आले होते अणू फोडून वीज कशी करायची ते ऐकायला. भाभांनी विषय काढला अणू जोडण्याचा. सूर्यात जे घडतं ते माणूस पुढच्या २० वर्षांत यंत्रात घडवेल आणि मग समुद्रात जड हायड्रोजन आहे तोवर इंधनाची चिंता उरणार नाही, असं भाकीत त्यांनी केलं.

एकच खळबळ उडाली. कारण अमेरिका, ब्रिटन आणि रशियात या फ्यूजनवर गुपचूप काम चालू होतं. १९५८ च्या दुसऱ्या जिनेव्हा परिषदेत ते जगापुढे आलं.

मोठा विचार करायची भाभांची सवय जुनीच. ३० ऑक्टोबर १९०९ चा त्यांचा जन्म. घरच्यांची इच्छा होती की पोरानं केंब्रिजला इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात लागावं. ते इंजिनिअर झाले, पण रमले भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुट्टीसाठी घरी आले, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टाटांच्या मदतीनं टीआयएफआर उभी केली. १९५४ मध्ये तुर्भ्याचं अणुकेंद्र सुरू झालं आणि ४ ऑगस्ट १९५६ ला तिथं अप्सरा अणुभट्टी चालू झाली. म्हणजे अणू फोडायचं काम त्यांनी करून दाखवलं.

मग जोडायचं कुठे अडलं?

फ्यूजनसाठी १० कोटी अंशांच्या वर तापमान लागतं. इतक्या उष्णतेत वायूचा प्लाझ्मा होतो. तो कुठल्याही भांड्यात मावत नाही, म्हणून चुंबकांनी अधांतरी धरावा लागतो. रशियनांनी त्यासाठी मेदूवड्याच्या आकाराचं यंत्र बनवलं, टोकामॅक. पण नुसते बाहेरचे चुंबक पुरत नाहीत. चुंबकीय रेषांना दोरीसारखा पीळ द्यावा लागतो आणि तो पीळ येतो खुद्द प्लाझ्मातून वाहणाऱ्या करंटमुळे.

हा करंट सोडायचा कसा? तर ट्रान्सफॉर्मरसारखा. मधल्या कॉइलमधला प्रवाह वाढवत न्यायचा, की प्लाझ्मात करंट तयार होतो. गोची अशी की कॉइलचा प्रवाह कायम वाढवत नेता येत नाही. तो थांबला की प्लाझ्मातला करंट ओसरतो, पीळ सुटतो आणि खेळ खलास. वीजघर असं धक्क्याधक्क्यानं कसं चालणार?

या अडचणीवरची वाट दिसण्याआधीच भाभा गेले. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं कांचनजंगा विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. त्यांचं वय होतं ५६.

१९७५ ला २० वर्षांची मुदत संपली. फ्यूजनची वीज आली नाही. १९७८ मध्ये नॅथॅनिएल फिश या अमेरिकन शास्त्रज्ञानं मार्ग सुचवला. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसा रेडिओ लहरींनी वेगवान इलेक्ट्रॉनना एकाच दिशेनं रेटा द्यायचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवायही करंट चालू राहतो. पुढे प्रयोगांत हे खरं ठरलं. पण या लहरींनाच भरपूर वीज लागते, म्हणून हिशोब अजून जुळायचाय.

भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून आदित्य टोकामॅक आहे. तिथंच एसएसटी-१ हे यंत्र १००० सेकंद प्लाझ्मा धरायच्या उद्देशानं बनवलं. फ्रान्सच्या वेस्ट टोकामॅकनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच लहरींच्या जोरावर प्लाझ्मा २२ मिनिटं टिकवला. शेजारीच इटर हे महाकाय यंत्र उभं राहतंय, त्यात भारतही भागीदार आहे.

भाभांचं वर्षांचं गणित चुकलं. पण जगातले देश ज्या विषयावर दार लावून बसले होते, तो त्यांनी भर सभेत मांडला. आज ३० हून अधिक देश इटरवर एकत्र काम करतायत.