विष्णुभट गोडसे

विष्णुभट गोडसे (जन्म : १८२७) हे १८५७ च्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त लिहिणारे मराठी प्रवासवर्णनकार होते. ते गोडसे भटजी वा वरसईकर या नावांनीही ओळखले जातात. त्यांचा ग्रंथ 'माझा प्रवास' मराठीतील आरंभीच्या महत्त्वाच्या प्रवासवर्णनांत गणला जातो.

== प्रवासाचे कारण ==
पेण तालुक्यातील वरसई हे त्यांचे गाव. घराणे भिक्षुकीचे, डोक्यावर कर्जाचा भार होता. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता आल्यावर दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये ते काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास त्यांना उठावाची बातमी कळली, तरीही ते परतले नाहीत. बहुतांश प्रवास त्यांनी पायी केला.

== झाशीतील वास्तव्य ==
ग्वाल्हेरहून ते झाशीस गेले व राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले. किल्ला, राजवाडा, ग्रंथसंग्रह, तळ्याकाठचे महालक्ष्मीचे देऊळ, राणींची दिनचर्या आणि चैत्रगौरीचे हळदीकुंकू यांची त्यांनी बारकाईने नोंद केली. बुंदेलखंडातील या नगरीत मराठी सणवार कसे रुजले होते, हे त्यावरून समजते. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या सैन्याने शहरास वेढा घातला. एप्रिलमध्ये शहर पडल्यावर झालेली कत्तल, लूट आणि ग्रंथसंग्रहाचा नाश त्यांनी पाहिला. साठवलेली दक्षिणाही लुटीत गेली. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना तहानलेल्या राणी भेटल्या. पाणी काढून देण्यास ते पुढे झाले. परंतु राणींनी ते स्वतःच ओढून घेतले.

== परतीचा प्रवास ==
चित्रकूट, अयोध्या, काशी आदी क्षेत्रे पाहून ते गावी परतले. ज्या द्रव्यासाठी घर सोडले ते हाती फारसे उरले नव्हते. मात्र गंगोदकाची कावड त्यांनी खांद्यावरून वरसईस आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातले.

== ग्रंथ ==
चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे यांनी १८८३ च्या सुमारास आठवणी लिहिल्या. त्या वैद्यांनी १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, फेरफार करून प्रसिद्ध केल्या. मूळ हस्तलिखितावर आधारित आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये संपादित केली. अमृतलाल नागर यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आहे. झाशीच्या सामान्य रहिवाशांनी वेढ्यात काय सोसले, हे सांगणारे एतद्देशीय साधन म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ मोलाचा वाटतो.