विश्लेषण : २७ कसोटींत ५३ झेल! एकनाथ सोलकर यांचे मोल धावा-बळींत का दिसत नाही?

कोपरगावातल्या एखाद्या कबड्डी स्पर्धेत कोपरारक्षकाने किती पकडी केल्या, हे लगेच मोजता येते. पण त्याच्या धाकाने चढाईपटू त्या बाजूला फिरकलाच नाही, तर त्याची नोंद गुणफलकावर होत नाही. क्रिकेटमध्ये फॉरवर्ड शॉर्ट लेगवर उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाचेही तसेच आहे. त्याचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण म्हणजे एकनाथ सोलकर.

कोण होते सोलकर?

१८ मार्च १९४८ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील हिंदू जिमखान्यात मैदानाची देखभाल करत. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणी सोलकर तिथल्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलत असत. पुढे त्यांनी भारतीय शालेय संघाचे नेतृत्व केले. त्या संघात सुनील गावस्कर आणि मोहिंदर अमरनाथही होते. १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादमध्ये त्यांनी कसोटी पदार्पण केले.

फलंदाजी-गोलंदाजीचे आकडे काय सांगतात?

२७ कसोटींत १०६८ धावा, सरासरी २५.४२. एकमेव शतक १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध वानखेडे स्टेडियमवर, १०२ धावांचे. बळी फक्त १८, तेही ५९.४४ च्या सरासरीने. एवढेच पाहिले तर संघातली त्यांची जागा धोक्यात वाटेल.

मग झेल किती मोठे?

सोलकर यांनी ५३ झेल घेतले, म्हणजे एका कसोटीमागे १.९६. तुलनेसाठी, ऑस्ट्रेलियाच्या बॉब सिम्पसन यांचे ६२ कसोटींत ११० झेल (१.७७), तर राहुल द्रविड यांचे १६४ कसोटींत २१० (१.२८). सोलकर उभे राहत ते फलंदाजापासून काही फुटांवर आणि हेल्मेटविना. तिथे चेंडू दिसल्यावर हालचाल करायला वेळच नसतो. फलंदाजाचा पाय कुठे पडतो, बॅट कशी येते, यावरून आधीच अंदाज बांधावा लागतो.

ओव्हलवर काय घडले?

ऑगस्ट १९७१. मालिकेतली तिसरी आणि शेवटची कसोटी. पहिल्या डावात इंग्लंडकडे ७१ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंड १०१ धावांत गारद झाला. सोलकर यांनी कीथ फ्लेचर यांना शून्यावर टिपले. पहिल्या डावात ९० धावा करणारे अ‍ॅलन नॉट अवघ्या एका धावेवर वेंकटराघवन यांच्या चेंडूवर सोलकर यांच्या हाती सापडले. भारत ४ गडी राखून जिंकला आणि इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकली. १९७२-७३ मध्ये इंग्लंडला मायदेशी २-१ ने हरवताना सोलकर यांनी पाच कसोटींत १२ झेल घेतले.

या सरासरीला मर्यादा आहे का?

आहे. बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना, वेंकटराघवन ही फिरकी चौकडी सतत संधी निर्माण करत होती. कमकुवत गोलंदाजीसमोर तोच क्षेत्ररक्षक कमी झेल घेईल. पण उलट बाजूही खरी आहे. पॅडजवळ उडालेला चेंडू जमिनीवर पडला असता, तर तो बळीही चौकडीच्या खात्यात आला नसता. एका खेळाडूचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यात दडलेला असतो.

शिवाय बॅटजवळ क्षेत्ररक्षक दबा धरून असला, की फलंदाज पुढे येऊन सहज बचाव करताना बिचकतो. मग तो मागे राहतो आणि पायचीत होतो किंवा अवेळी फटका मारून बाद होतो. त्या बळीपुढे क्षेत्ररक्षकाचे नाव लागत नाही. म्हणून झेलांसोबत तो झेल किती कठीण होता आणि फलंदाजाने खेळ किती बदलला, हेही पाहावे लागते.

सोलकर यांची शेवटची कसोटी १९७७ मध्ये झाली. २६ जून २००५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.