विश्लेषण : पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे का लागली? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेतकऱ्याच्या हातातले औजार कसे घडवले?

मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने निघाले की सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते. गावाला हे नाव ज्यांच्यामुळे मिळाले, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर आज मोठ्या उद्योगसमूहाचे संस्थापक म्हणून ओळखले जातात. पण त्यांची सुरुवात झाली ती कडबा कापणे आणि जमीन नांगरणे या दोन साध्या कामांपासून. ही औजारे तयार करण्यापेक्षा ती शेतकऱ्याच्या गळी उतरवणे त्यांना जास्त जड गेले.

रंग ओळखता येईनात, म्हणून यंत्रांकडे…

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांत त्यांना रस होता. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराची वाट तिथेच बंद झाली.

त्यांनी रंगांचा नाद सोडला, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजच्या ‘व्हीजेटीआय’मध्ये शिकवू लागले. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रे उघडणे, जोडणे आणि चालवणे हे त्यांचे खरे शिक्षण झाले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून अँग्लो-इंडियन व्यक्तीला संधी देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. तिथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाची सुरुवात याच दुकानातून झाली.

कडबाकुट्टीच का निवडली?

ज्वारीचा अख्खा कडबा जनावरापुढे टाकला की ते पाला खाते आणि जाड धाटे टाकून देते. बारीक कुट्टी केली तर वाया जाणारी वैरण कामी येते. ही गरज शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नव्हती. लक्ष्मणरावांनी उत्पादनासाठी पहिले यंत्र निवडले ते हेच.

हाताने चालणाऱ्या कडबाकुट्टीचे तत्त्व साधे आहे. जड चाकाच्या आऱ्यांवर पाती बसवलेली असतात. मुठीने चाक फिरवले की त्यात गती साठते आणि पाते कडब्यावर येते त्या क्षणी ती खर्च होते. त्यामुळे प्रत्येक काप घेताना माणसाला स्वतंत्र जोर लावावा लागत नाही. त्याच फिरण्यातून दातेरी चाकांमार्फत रूळ फिरतात आणि कडबा ठरावीक वेगाने पुढे सरकतो. माणसाची ताकद तेवढीच राहते, पण ती योग्य जागी आणि योग्य वेळी वापरली जाते.

लोखंडी नांगराला विरोध का झाला?

कुट्टीच्या यंत्रानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलटवत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पत्रा असतो. कापलेला मातीचा पट्टा त्यावरून सरकतो आणि उलटा पडतो. तण गाडले जाते, खालची माती वर येते. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. अशा मातीत पत्र्याचे वळण चुकले किंवा तो खरखरीत राहिला तर माती चिकटून बसते आणि सगळा ताण बैलांच्या खांद्यावर येतो.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीला विष चढते आणि ती नापीक होते, असा समज तेव्हा पक्का होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

या नकाराकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहता येत नाही. लाकडी नांगर गावातला सुतार बलुत्यात घडवून आणि दुरुस्त करून देत असे. लोखंडी नांगरासाठी रोख पैसे मोजायचे आणि ऐन पेरणीआधी तो मोडला तर दाद कोणाकडे मागायची? शेतकऱ्याचे अख्खे वर्ष त्या एका औजारावर अवलंबून होते. त्यामुळे नांगर चांगला असणे पुरेसे नव्हते. तो शेतात चालताना दिसणे, त्याचा झिजणारा फाळ बदलता येणे आणि सुटा भाग मिळण्याची खात्री असणे, हेही तितकेच गरजेचे होते.

बेळगावहून माळरानावर…

विक्री रुळावर येत असतानाच दुसरे संकट आले. बेळगावात नवी वसाहत करण्यासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा मोकळी करायला सांगितली. चालता कारखाना हलवायचा कुठे, हा प्रश्न होता. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांची आधीपासून ओळख होती. बाळासाहेबांनी कुंडलजवळच्या रेल्वे स्टेशनालगतची ३२ एकर जमीन आणि कर्ज देऊ केले.

औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. तेव्हा दोन्ही ठिकाणे एकाच संस्थानात होती. (आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.)

मिळालेली जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेले माळरान होते. १० मार्च १९१० रोजी साधारण २५ कामगार आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन तिथे वसाहतीची सुरुवात झाली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. तुरुंगवास भोगून आलेल्यांना इथे राखणदारीचे काम मिळाले, हेही त्या काळी धाडसाचेच होते.

नांगरापासून पंपापर्यंत…

पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक रोडावली आणि देशी औजारांची मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड मिळणे मात्र कठीण झाले. या ओढाताणीतून तगून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे अशी औजारे तयार होत गेली. १९२६ मध्ये कारखान्याने सेंट्रिफ्युगल पंप बनवला. पुढच्या पिढीने १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बेंगळूरुत विजेच्या मोटारींची कंपनी उभारली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आजच्या डिझायनरने यातून काय घ्यावे?

हाताने चालणाऱ्या कोणत्याही साधनापुढचे प्रश्न आजही तेच आहेत. चकलीचा सोऱ्या, गॅरेजमधली ग्रीस गन किंवा खिडकीच्या फटीत सीलंट भरायची गन घ्या. तिन्हींत घट्ट पदार्थ लहान तोंडातून ढकलायचा असतो आणि जोर मात्र हाताचाच असतो. म्हणून सोऱ्याला स्क्रू लागतो, ग्रीस गनला लांब दांडा लागतो.

- जोर किती? वापरणारा दिवसभर न थकता जेवढा जोर लावू शकेल, तेवढ्यातच काम झाले पाहिजे.
- अडते कुठे? नांगराला माती चिकटते, गनच्या तोंडाशी सीलंट सुकते. अडलेली जागा वापरणाऱ्याला स्वतः साफ करता आली पाहिजे.
- झिजते काय? फाळ असो वा दट्ट्याचे वॉशर, झिजणारा भाग स्वस्त, सुटा आणि सहज बदलता येणारा हवा.
- विश्वास कोणाचा? औजार मोडले तर नुकसान वापरणाऱ्याचे होते. त्यामुळे पसंतीचा शेवटचा शिक्काही त्याचाच असतो.

शेवटचा प्रश्न ड्रॉइंगच्या कागदावर सुटत नाही. लक्ष्मणरावांना तो सोडवायला दोन वर्षे लागली.