क्लेमेन्स फॉन पिर्के
क्लेमेन्स फॉन पिर्के (१२ मे, १८७४ – २८ फेब्रुवारी, १९२९) हे ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ व प्रतिकारशक्तीचे संशोधक होते. ‘अ‍ॅलर्जी’ ही संज्ञा त्यांनी १९०६ मध्ये प्रचारात आणली. क्षयरोगाच्या संसर्गाचे निदान करणारी त्वचा चाचणीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इंजेक्शननंतर लहान मुलांच्या अंगावर उठणाऱ्या पुरळाचे कारण शोधताना त्यांच्या सिद्धान्ताची पायाभरणी झाली.

सुरुवातीचे जीवन

पिर्के यांचा जन्म व्हिएन्नाजवळील हिर्शस्टेटन येथे एका सरदार घराण्यात झाला. त्यांनी प्रथम इन्सब्रुक येथे धर्मशास्त्राचा व लूव्हाँ येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. पुढे ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० मध्ये ग्राझ विद्यापीठातून वैद्यकीय पदवीधर झाले. त्यानंतर व्हिएन्नातील सेंट अ‍ॅना बालरुग्णालयात थिओडोर एशेरिक यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. अग्निबाणशास्त्रज्ञ गुइडो फॉन पिर्के हे त्यांचे बंधू होत.

पुरळाच्या कारणाचा शोध

त्या काळी घटसर्प व लोहितांग ज्वर यांवर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले सीरम (रक्तरस) टोचले जाई. त्यामुळे अनेक मुलांचे प्राण वाचत. परंतु काहींच्या अंगावर नंतर पित्तासारखे पुरळ उठे, ताप येई, सांधे दुखत आणि लसीका ग्रंथी सुजत. लोहितांग ज्वरात मुळातच पुरळ येत असल्याने नवे पुरळ रोगाचे की औषधाचे, हे ठरवणे अवघड होते. घोड्याचे सीरमच विषारी असावे, असाही एक समज होता.

पिर्के व त्यांचे सहकारी बेला शिक यांनी पुरळ उठण्याच्या वेळेची काटेकोर नोंद ठेवली. पहिल्यांदा सीरम टोचलेल्या मुलांत लक्षणे साधारणपणे ८ ते १२ दिवसांनी दिसत. पूर्वी सीरम मिळालेल्या मुलांत मात्र ती काही दिवस आधीच, कधी २४ तासांच्या आत, प्रकट होत. सीरम तेच असताना हा फरक पडत असल्याने त्याचे कारण केवळ सीरममध्ये असू शकत नव्हते. पहिल्या संपर्काने मुलाचे शरीरच बदललेले होते. देवीची लस दुसऱ्यांदा टोचल्यावरही प्रतिक्रिया लवकर दिसते, हे साम्य त्यांनी दाखवून दिले. यावरून परक्या पदार्थाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागतात व त्या दोहोंच्या संयोगातून लक्षणे उद्भवतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. संरक्षण करणारी यंत्रणाच आजार निर्माण करू शकते, हा विचार तत्कालीन वैद्यकाला सहज पटणारा नव्हता.

या विचाराची प्राथमिक टिपणी १९०३ मधील असून दोघांचा ‘सीरम आजार’ या विषयावरील ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘अ‍ॅलर्जी’ संज्ञा

शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादासाठी पिर्के यांनी ‘इतर’ व ‘क्रिया’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द तयार केला. त्यांच्या मते त्यात रोगप्रतिकार व अतिसंवेदनशीलता या दोन्हींचा समावेश होता. कालांतराने शब्दाचा अर्थ संकुचित होऊन तो केवळ अपायकारक प्रतिसादासाठी रूढ झाला.

त्वचा चाचणी व गोवर

१९०७ मध्ये पिर्के यांनी हाताच्या त्वचेवर ओरखडा काढून त्यावर ट्युबरक्युलिन लावण्याची चाचणी मांडली. तेथे लालसर फुगवटा आल्यास क्षयरोगाचा संसर्ग होऊन गेल्याचे समजे. निरोगी दिसणाऱ्या अनेक मुलांतही हा संसर्ग असतो, हे त्यातून उघड झाले. फ्रेंच वैद्य शार्ल माँटू यांनी १९०८ मध्ये सुधारलेली चाचणी भारतात ‘माँटू चाचणी’ म्हणून परिचित आहे. गोवराच्या काळात ट्युबरक्युलिनची प्रतिक्रिया तात्पुरती नाहीशी होते, हेही पिर्के यांनी १९०८ मध्ये नोंदवले. गोवराचे पुरळ अंगावर कोणत्या क्रमाने पसरते, याचाही त्यांनी अभ्यास केला.

नंतरची कारकीर्द व मृत्यू

१९०९ मध्ये ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. ब्रेस्लाऊ येथील अल्पकाळानंतर १९११ मध्ये ते एशेरिक यांच्या जागी व्हिएन्नाच्या विद्यापीठीय बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील उपाशी मुलांना अमेरिकन मदतीतून अन्न पुरवण्याच्या योजनेचे त्यांनी संघटन केले. त्यासाठी त्यांनी दुधाच्या पोषणमूल्यावर आधारलेली स्वतःची आहारमापन पद्धती वापरली. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. पण ते त्यांना मिळाले नाही. २८ फेब्रुवारी, १९२९ रोजी व्हिएन्ना येथे त्यांनी पत्नी मारिया यांच्यासह आत्महत्या केली.

वारसा

सीरम आजारासारखी लक्षणे आजही काही प्रतिजैविकांनंतर मुलांत आढळतात. अशा वेळी औषध केव्हा सुरू झाले, ते पूर्वी दिले होते का आणि पुरळ कितव्या दिवशी उठले, ही माहिती निदानासाठी महत्त्वाची ठरते.