सुताराचे घड्याळ

इंग्लंडच्या पूर्व भागात, हंबर नदीच्या दक्षिणेस बॅरो नावाचे एक लहानसे खेडे आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तेथे एक तरुण सुतार राहत असे. त्याचे नाव जॉन हॅरिसन. त्याचा जन्म इ. स. १६९३ मध्ये यॉर्कशर परगण्यातील फाउल्बी या गावी झाला. त्याचे वडील सुतार होते. त्यांच्याच हाताखाली तो करवत, रंधा आणि पटाशी चालवावयास शिकला.

हॅरिसनला शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. परंतु ज्ञानाची त्याला विलक्षण ओढ होती. एकदा एका धर्मोपदेशकाने त्याला विज्ञानावरील व्याख्यानांची एक हस्तलिखित वही वाचावयास दिली. वही परत करावी लागणार होती. तेव्हा हॅरिसनने आकृत्यांसह ती सगळी वही स्वतःच्या हाताने उतरून काढली.

घड्याळ बनवावे अशी त्याला फार इच्छा होती. त्या काळी उत्तम घड्याळांची चाके पितळेची असत. पितळ महाग होते आणि हॅरिसन कोणत्याही घड्याळजीकडे हे काम शिकलेला नव्हता. भरपूर पैसा साठेल, चांगला गुरू भेटेल, मग पाहू, असे म्हणून तो स्वस्थ बसता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण तो थांबला नाही. पितळ नव्हते, तरी लाकूड होते. आणि लाकडाचा स्वभाव त्याच्याइतका कोण जाणणार? त्याने ओक वृक्षाच्या लाकडाची चाके घडविली. दाते सहजासहजी तुटू नयेत म्हणून लाकडाच्या शिरा दात्यांच्या टोकांकडे सरळ जातील, अशा रीतीने त्याने तुकडे बसविले. इ. स. १७१३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याचे लाकडी यंत्राचे घड्याळ तयार झाले.

पुढे ब्रॉक्लस्बी येथील एका जमीनदाराच्या वाड्यासाठी त्याने मनोऱ्यावरचे मोठे घड्याळ बनविले. त्या काळचे वंगणाचे तेल लवकर घट्ट होई व घड्याळे बंद पडत. हॅरिसनने यावर नामी उपाय शोधला. लिग्नम व्हायटी नावाच्या वृक्षाचे लाकूड अतिशय कठीण आणि स्वभावतःच तेलकट असते. जेथे घर्षण होते तेथे त्याने तेच लाकूड वापरले. त्यामुळे त्या घड्याळाला तेलाची गरजच उरली नाही.

उन्हाळ्यात धातूचा लंबक लांबतो व घड्याळ मागे पडते. पितळ आणि पोलाद उष्णतेने सारखेच वाढत नाहीत, हे ध्यानात घेऊन हॅरिसनने दोन्हींच्या सळया अशा जोडल्या की, लंबकाची लांबी बदलू नये. घड्याळाची परीक्षा तो ताऱ्यांवरून घेई. खिडकीच्या कडेशी उभा राहून तो एखादा तारा शेजाऱ्याच्या धुराड्याआड नाहीसा होताना पाही. तोच तारा दररोज ३ मिनिटे ५६ सेकंद लवकर दिसेनासा होतो. घड्याळ हाच फरक दाखविते की नाही, हे तो रात्रीमागून रात्री तपासून पाही. या कामात त्याचा धाकटा भाऊ जेम्स याची त्याला मोठी मदत झाली.

त्या काळात दर्यावर्दी लोक एका मोठ्या संकटात होते. भर समुद्रात अक्षांश काढता येत असे. पण रेखांश अचूक काढता येत नसे. इ. स. १७०७ मध्ये आपण कोठे आहोत याचा अंदाज चुकल्यामुळे इंग्रज आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आपटून बुडाली. त्यात चौदाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. यानंतर इ. स. १७१४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले.

प्रश्नाचे मर्म असे होते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश, म्हणजे एका तासात १५ अंश फिरते. जहाजावर सूर्य माथ्यावर आला असता मूळ बंदरात किती वाजले आहेत हे कळले, तर त्या फरकावरून रेखांश काढता येतो. परंतु लाटांचे हेलकावे, उष्णता, थंडी व दमट हवा यांतही चूक न करणारे घड्याळ हवे होते. असे घड्याळ अद्याप कोणी बनविलेले नाही, असे न्यूटनसारख्या थोर शास्त्रज्ञानेही सांगितले होते.

बॅरोच्या सुताराने हे काम अंगावर घेतले. इ. स. १७३० मध्ये आपले आराखडे घेऊन तो लंडनला गेला. ज्योतिर्विद हॅली याने त्याला जॉर्ज ग्रॅहॅम या नामवंत घड्याळजीकडे पाठविले. ग्रॅहॅमने त्याचे गुण ओळखून त्याला पैसे उसने दिले. इ. स. १७३५ मध्ये हॅरिसनचे पहिले सागरी घड्याळ तयार झाले. त्याचे वजन सुमारे ३४ किलोग्रॅम होते आणि त्याची मोठी चाके लाकडीच होती. पुढच्या वर्षी ते घेऊन तो जहाजाने लिस्बनला गेला. परतीच्या वाटेवर दूरवर भूमी दिसली, तेव्हा ती कोणती याविषयी खलाशांचा तर्क चुकला आणि हॅरिसनचा खरा ठरला. खलाशांचा अंदाज सुमारे शंभर किलोमीटरनी चुकला होता.

या यशानंतर अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे हॅरिसनने आपल्याच घड्याळाचे दोष सांगितले आणि अधिक चांगले घड्याळ बनविण्यासाठी मदत मागितली. दुसरे घड्याळ तयार झाल्यावर त्यातही त्याला उणीव आढळली. तिसऱ्या घड्याळावर तर त्याने तब्बल १९ वर्षे घालविली. ही दिरंगाई नव्हती. या काळात तो रोज नव्या अडचणींशी झुंजत होता. अखेर मोठ्या यंत्रापेक्षा वेगाने चालणारे लहान घड्याळच अधिक उपयोगी पडेल, हे त्याच्या ध्यानात आले. इतक्या वर्षांच्या श्रमाचा मोह बाजूस सारून साठीच्या घरातील त्या कारागिराने पुन्हा आरंभ केला!

इ. स. १७५९ मध्ये त्याचे चौथे घड्याळ पूर्ण झाले. त्याचा व्यास सुमारे १३ सेंटिमीटर होता. त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमेकाला गेला. जवळजवळ तीन महिन्यांच्या त्या प्रवासात घड्याळाची चूक अवघी पाच सेकंदांची भरली. तथापि मंडळाचे समाधान झाले नाही. इ. स. १७६४ मध्ये दुसरी चाचणी झाली; तरीही घड्याळ खोलून दाखविल्यावरच पारितोषिकाची अर्धी रक्कम मिळाली. हॅरिसनने आणखी एक घड्याळ बनविले. राजा तिसरा जॉर्ज याने स्वतः त्याची परीक्षा पाहिली. शेवटी इ. स. १७७३ मध्ये पार्लमेंटने हॅरिसनला आणखी ८,७५० पौंड दिले. तेव्हा त्याला ऐंशी वर्षे झाली होती. इ. स. १७७२ ते १७७५ या काळात कॅप्टन कुकने आपल्या दुसऱ्या सफरीत हॅरिसनच्या चौथ्या घड्याळाची हुबेहूब प्रतिकृती नेली होती. ती त्याला फार उपयोगी पडली.

२४ मार्च १७७६ रोजी हॅरिसनचे निधन झाले. त्याची पहिली चार सागरी घड्याळे ग्रीनिचच्या वेधशाळेत जपून ठेवली आहेत. त्यांतील पहिल्या घड्याळाची लाकडी चाके पाहिली की, पितळेची वाट न पाहता हाताशी असलेले लाकूड उचलणारा बॅरोचा तो तरुण डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्या यंत्राने असंख्य खलाशांना सुखरूप घरी आणले, त्याचा आरंभ त्या एका लाकडी चाकापासून झाला होता.